पासष्ट घोडे आणि तात्या

ज्या दुकानासमोर बाकडं असतं, त्या दुकानात मालापेक्षा किस्से जास्त साठतात. माल निदान विकला तरी जातो. किस्से ज्याने सांगितले तोही आपल्याकडेच ठेवून जातो आणि दुसऱ्या दिवशी तेच ऐकायला परत येतो! माझं टायरचं दुकान जालन्यात, नव्या मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ, पिकअप स्टँडला लागून. बाकडं मी गिऱ्हाइकांसाठी टाकलं होतं. त्यावर गिऱ्हाईक बसलेलं मला फारसं आठवत नाही. बसायचे ते स्टँडवरचे ड्रायव्हर, आणि बसले की एकच वाद: पिकअपला हॉर्सपॉवर किती पाहिजे?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सरकारं पडली, भाव चढले, मोंढ्यात किती सीझन आले आणि गेले, पण हा वाद काही मिटला नाही. एका बाजूला आण्णा, म्हणजे स्टँडचे सर्वांत जुने ड्रायव्हर. त्यांची पिकअप पंचवीस हॉर्सपॉवरची. तीही नवी असताना! दुसऱ्या बाजूला सुदाम. त्याने नवी कोरी पासष्टची घेतली होती. मधे सत्तारभाई मेकॅनिक, ज्यांच्याकडे दोन्ही गाड्या दुरुस्तीला येत असल्यामुळे ते कोणाचीच बाजू घेत नसत. मी टायर विकणारा माणूस. गाडी जोरात पळो नाहीतर हळू, टायर झिजतातच. त्यामुळे मला कधी मत द्यावं लागलं नाही.

*

सुदामची गाडी स्टँडवर आली तो दिवस. रिवाजाप्रमाणे हार, नारळ, पेढे आणि चारी चाकांखाली चार लिंबं. आण्णा वडीलधारे, म्हणून पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातात. ते मागच्या बाजूला उभे होते. नारळ सत्तारभाईंनी फोडला आणि पाणी सगळं मागच्या चाकापाशी सांडलं.

अशा वेळी गाडी अलगद पुढे घ्यायची असते. लिंबं चिरडली की झालं. पण सुदामला सगळ्या स्टँडला पासष्ट घोडे दाखवायचे होते. त्याने ॲक्सिलेटर तळाला नेला आणि क्लच सोडला. ओल्या फरशीवर मागचं चाक जागच्या जागी गरगरलं, गाडी तिथंच, आणि लिंबू मात्र चाकाखालून सुटून थेट आण्णांच्या हातातल्या बॉक्सवर! पेढे सगळे धुळीत.

सत्तारभाई म्हणाले, "अरे सुदाम, गाडी से पहले तो नींबू निकल गया!"

आण्णांनी वाकून एक पेढा उचलला, फुंकला, तोंडात टाकला. "ताकद हाय," ते म्हणाले, "फक्त गाडीला सांगायची राहून गेली."

*

बदनापूरचे एक गुरुजी होते, शाळेत विज्ञान शिकवायचे. जालन्याला आले की परतीच्या रेल्वेची वेळ होईपर्यंत माझ्या बाकड्यावर बसायचे. वाद ऐकून ऐकून एकदा त्यांना राहवलं नाही. त्यांनी खडू मागितला. माझ्याकडे टायरवर खूण करायचा खडू असतो, तो दिला. त्यांनी शटरवर घोडा काढला, दोर काढला, दोराला वजन बांधलं, आणि एक घोडा एवढं वजन एवढ्या वेळात एवढं उचलतो, त्याला एक हॉर्सपॉवर म्हणायचं, असं फार छान समजावून सांगितलं.

आण्णांनी नीट बघितलं.

"गुरुजी, ह्यो घोडा टांग्याचा का वरातीचा?"

"म्हणजे?"

"टांग्याचा घोडा सहा माणसं घेऊन स्टेशनावर जातो. वरातीचा घोडा एकच माणूस घेतो, अन् त्याला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत जायला दुपार लागती. दोन्ही घोडेच. कंपनीवाल्यानं कोणचा धरला?"

गुरुजींनी शटरवरच्या घोड्याकडे परत एकदा बघितलं. मग घड्याळ बघितलं. गाडीला अजून बराच वेळ होता, पण ते उठले.

*

आता सुदामने एवढी ताकदीची गाडी घेतली कशाला, हे सांगायला पाहिजे. स्टँडवर सगळे म्हणायचे की हौस. मला वेगळं माहीत होतं, कारण त्यानेच मला सांगितलं होतं: बैल विकून घेतलेली गाडी वडिलांना पटली पाहिजे, म्हणून.

त्याचे वडील, तात्या, बदनापूरच्या पुढे रस्त्यापासून आत एका खेड्यात राहायचे. घरची शेती, बैलजोडी. गाडी घ्यायची ठरली तेव्हा जोडीतला एक बैल बाजारात गेला. दुसरा हौशा. तो तात्यांनी दिला नाही. एकटा बैल औताला जुंपता येत नाही, म्हणजे हौशा बसूनच. शेजारपाजारचे म्हणायचे, "तात्या, बसून खाणारा बैल कशाला ठेवला?" तात्या म्हणायचे, "मी बी बसूनच खाऊन राह्यलो. मला बी बाजारात न्या."

नवी गाडी घेऊन सुदाम घरी गेला तेव्हा तात्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. विचारलं, "घोडे किती?"

"पासष्ट, तात्या."

"एवढे कशाला? तुझ्या मागं कोण लागलंय?"

आणि घरात गेले. गाडीत काही बसले नाहीत. त्यानंतरही नाहीत. तात्यांना जालन्याला यायचं असलं की ते फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभे राहायचे. सुदाम मुद्दाम तिथून जायचा, गाडी थांबवायचा, पलीकडचं दार आतून ढकलून उघडायचा. "तात्या, बसा की."

"तू हो पुढं. मला घाई न्हाई."

हे कितीदा झालं असेल, देव जाणे. एस.टी.त उभ्याने यायचे, पण पोराच्या रिकाम्या गाडीत बसायचे नाहीत! सुदाम मला म्हणायचा, "एकदा, फक्त एकदा बसू द्या त्यान्ला. टॉप गिअरला गाडी अशी नेतो की उतरताना म्हणतील, पोरानं बराबर केलं." मी टायर झटकत बसायचो.

*

गाडीच्या मागच्या फळीवर सुदामने पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: '६५ एच.पी.' पिवळ्यावर लाल. वरून एक उधळलेला घोडा.

दोन दिवसांनी आण्णांची गाडी स्टँडवर आली. तोच पेंटर, तोच पिवळा-लाल रंग. '२५ एच.पी. सगळे हजर!'

त्याच आठवड्यात सुदामने एक मुद्दा काढला. आमच्या स्टँडवर नंबर असतो. ज्याचा नंबर त्याला ट्रिप, लोड हलका असो की भारी. सुदाम म्हणाला, हे बरोबर नाही, भारी लोड भारी इंजिनला गेला पाहिजे. आण्णा म्हणाले, "बिलकुल बराबर. अन् रिकामी गाडी आणायची आसली तर?"

"तर काय?"

"तर तुझे चाळीस घोडे इथं बांधून जा. पेंड मी टाकतो."

नंबर होता तसाच राहिला.

*

आण्णांच्या गाडीच्या ताकदीबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल.

राजूरचा गणपती टेकडीवर. चतुर्थीला आण्णा जालन्याहून भाविक भरून न्यायचे. सपाटीला गाडी बरी चालायची, टेकडी लागली की घरघर सुरू. मग आण्णा शांतपणे मागे बघून सांगायचे, "ज्यान्ला नवस फेडायचाय, त्यान्नी उतरून चाला." एकेक करत सगळेच उतरायचे. गाडी फर्स्ट गिअरमधे निघायची.

एका चतुर्थीला मी त्यांच्या शेजारी बसलेलो. आम्ही निम्म्यावर होतो तेव्हा आमचेच पॅसेंजर दर्शन घेऊन समोरून उतरत आले. एका बाईने खिडकीतून आमच्या दोघांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाली, "आण्णा, आता वर कशाला जाता? इथंच वळवा!"

आण्णांनी वळवली.

*

अंबडकडची मोसंबी. एका बागायतदाराला लवकर बाजार गाठायचा होता, कारण उशिरा गेलं की सौदे संपतात. नंबर आण्णांचा होता, पण त्याने सुदामची गाडी मागितली. आण्णांनी नंबर सोडला. म्हणाले, "जल्दी हाय तर घेऊन जा."

सुदामने खरंच विक्रम केला. बागायतदार शेजारी बसून देवाचं नाव घेत होता म्हणतात. रस्ता तेव्हा कसा होता ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. मागे खाली थोडं गवत घालून मोसंबी सुटीच भरलेली. गाडी आडतीसमोर थांबली तेव्हा सौदे सुरूही झाले नव्हते. सुदाम ऐटीत उतरला आणि मागची फळी पाडली.

आधी रस आला. मग माश्या. मग मोसंबी.

आडत्याने एक बोट बुडवून चाखलं. मान हलवली. "गोड हाय. पण मी फळ मागितल्तं, सुदामराव! रस पाह्यजे आसता तर गिलास घेऊन बसलो नसतो का?"

बागायतदार बिचारा डोक्याला हात लावून पायरीवर बसला. सुदामने त्या ट्रिपचं भाडं घेतलं नाही. पुढची मोसंबी आण्णांनी आणली, दुपार करून. एक फळ फुटलं नव्हतं.

*

सुदाम सत्तारभाईंकडे गेला. "भाई, अजून घोडे वाढवता येतेत का?"

सत्तारभाई बराच वेळ इंजिनात डोकं घालून होते. म्हणाले, "होता है. कल आना."

दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाली आणि माझ्या दुकानातली ट्यूबची पाकिटं थरथरली! अख्ख्या मोंढ्याने वळून बघितलं. सुदामने एक चक्कर मारली, खूश होऊन आला. "भाई, कमाल! निस्ती उडून राह्यली!"

तो गेल्यावर मी विचारलं, "काय केलं हो?"

"सायलेन्सर खोल दिया. आवाज बढ़ गया, पॉवर उतनाच है." सत्तारभाईंनी हात पुसले. "खुश है तो रहने दो."

पण खूश राहणं काही नशिबात नव्हतं. त्या संध्याकाळी सुदाम गावी गेला. गाडी वेशीशी येते न येते तोच हौशाने आवाजाने बिथरून दावं तोडलं आणि तो शेजाऱ्याच्या तुरीतून पार ओढ्याकडे पळाला. तात्या कंदील घ्यायलाही थांबले नाहीत, तसेच मागे धावले. बैल सापडला, पण पायाला तार लागून फाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी दूधवाल्याबरोबर स्टँडवर निरोप पाठवला: "सुदामला म्हणावं, गावात यायचं तर पायी ये. घोडे रस्त्यावर ठेव."

सुदामने त्याच दिवशी सायलेन्सर बसवून घेतला. मागच्या फळीवरचं पासष्ट मात्र तसंच होतं.

*

शहागडजवळ गोदाकाठच्या एका गावी लग्न होतं. मी नवरदेवाकडचा. वऱ्हाड आण्णांच्या गाडीत, नवरदेव सुदामच्या. गाव थोडं आत, आणि शेवटचा तुकडा नदीच्या वाळूतला. आण्णांनी वाळू लागताच गाडी थांबवली, सगळ्यांना उतरवलं, रिकामी गाडी हळूहळू पलीकडे नेली. सुदाम म्हणाला, "नवरदेव पायी चालवायचा का? शोभतं का?"

तो वेगात शिरला. मधोमध गाडी रुतली. मग त्याने काय करावं? रेस दिली. जितकी रेस दिली तितकं चाक खाली गेलं. पासष्टच्या पासष्ट घोडे खड्डा खणायला लागले! पलीकडच्या काठावर नवरीकडची सगळी मंडळी उन्हात उभी राहून बघत होती. मुहूर्त जवळ येत चालला होता.

शेवटी नवरदेवच उतरला. बाशिंग बांधलेलं, फेटा, नवी कोरी पांढरी पँट. त्याने चाकाखाली आपल्याच हाताने तुराट्या घातल्या, खांदा लावला आणि पोरांबरोबर गाडी बाहेर काढली. काठावर पोचला तो गुडघ्यापर्यंत वाळू आणि अंगभर घाम.

नवरीची आजी पुढे आली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

"गाडीचं काय खरं न्हाई," ती म्हणाली, "पण पोरगं बरं निवडलं!"

सुदाम हसला सगळ्यांबरोबर. जेवणाच्या पंगतीत मात्र माझ्या शेजारी बसून म्हणाला, "हे तात्यांच्या कानावर जाऊ देऊ नका." मी कशाला सांगतोय! पण अशा गोष्टी एस.टी.नेच प्रवास करतात. दुसऱ्याच दिवशी पोचली असणार.

*

आणि हा शेवटचा.

हौशाच्या पायाची ती जखम वरून भरली, पण आतून चिघळली. एका सकाळी तो उठेना. गावातल्या लोकांनी जमेल ते केलं. बदनापूरचे ढोरांचे डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले, जालन्याला न्या, चिरावं लागेल, पण बैल चालवत नेऊ नका.

तात्यांनी स्वतः फाट्यावर येऊन एस.टी.डी. बूथवरून माझ्या दुकानात फोन केला. माझ्याशी ते पहिल्यांदाच बोलत होते. "सुदाम हाय का?" मी म्हटलं, बोलावतो. "बोलावू नका. निस्तं सांगा. गाडी घेऊन ये म्हणावं."

सुदाम हातातला चहा तसाच ठेवून निघाला. आण्णांनी मला खूण केली आणि आम्ही त्यांच्या गाडीतून मागे निघालो, कारण बैल चढवायला माणसं लागतात. अर्थात आम्ही पोचलो तोवर बैल चढलेला होता. बांधाला गाडी लावून, खाली कडबा अंथरून गावकऱ्यांनी त्याला अलगद आत सरकवला होता. सुदामने पुढचं दार उघडून धरलं होतं. तात्या त्याच्यासमोरून गेले, मागे चढले आणि हौशाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. सुदामने ते दार पुन्हा लावलं.

गाडी निघाली. फाट्यापर्यंतच्या पहिल्याच खड्ड्यात मागून टपावर थाप पडली. मागे बसलेल्याने थाप मारली की ड्रायव्हरने हळू घ्यायचं, ही सगळ्या स्टँडची रीत. सुदामने हळू घेतली. परत थाप. अजून हळू. मग थाप पडायची थांबली आणि गाडीचा वेग तोच राहिला.

हमरस्त्यावर आलो. आमच्यापुढे ती गाडी, तिच्या फळीवर लाल अक्षरांत पासष्ट आणि उधळलेला घोडा, आणि चाल अशी की बाजूने चाललेला मेंढरांचा कळप आमच्याबरोबरीने राहिला. ट्रका हॉर्न मारत, शिव्या घालत पुढे जात होत्या. एक सायकलवाला पुढे गेला. रस्त्यात खड्डा आला की सुदाम गाडी जवळजवळ थांबवायचा, एक चाक उतरवायचा, मग दुसरं. त्याची मान एकदाही इकडेतिकडे झाली नाही. आण्णांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणालातरी ओव्हरटेक करायची संधी होती. त्यांनी ती घेतली नाही. जालन्यापर्यंत मागेच राहिले, आणि हॉर्नला हात लावला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय चिरला, घाण काढली, पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत हौशाने मान उचलून कडब्याला तोंड लावलं. डॉक्टर म्हणाले, बैल दणकट आहे, वाचला. तात्या आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे उभे राहिले आणि उपरण्याने बराच वेळ तोंड पुसत होते. आम्ही सगळे उगाच पट्टीकडे बघत राहिलो.

बैल पुन्हा गाडीत चढवला. आता तो आपल्या पायांवर उभा होता. सुदाम मागची फळी लावून कड्या घालत होता. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. बघतो तर तात्या दाराचा खटका खालीवर करून बघतायत. उघडेना. आण्णा पुढे होणार होते, मी त्यांचा हात धरला. शेवटी खटका लागला. तात्या आत चढले, धोतर सावरलं आणि दार आपटून घेतलं.

सुदाम येऊन स्टिअरिंगवर बसला. किल्ली फिरवायची विसरला. दोघंही समोरच्या काचेतून बघत होते. खिडकी उघडी होती, म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"का रे सुदाम, सकाळी इतकं हळू यायला किती घोडे लागले?"

"सगळे लागले, तात्या."